धुराड्याचा व्यास आठ सेंटिमीटर

तेरेक-बेल, २८ मे

शारशेन,

पत्राच्या सुरुवातीला प्रकृती, पोरंबाळं, गुरंढोरं अशी क्रमाने विचारपूस करायची आपली रीत. आज ती होणार नाही. गुरं तुझ्याकडे नाहीतच, आणि तुझ्या प्रकृतीची मला आत्ता पर्वा नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र झूमाश ड्रायव्हरच्या हातात देते आहे. तो रोज बिश्केकला सवाऱ्या नेतो. पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत दारातून हलायचं नाही, असं त्याला बजावलं आहे. त्याला चहा विचार. काठोकाठ भरून दिलास तर 'निघा' असा अर्थ घेऊन तो उठून जाईल, एवढं तरी तुला आठवत असेल अशी आशा आहे.

काल निवड चाचणीचा निकाल लागला. वैद्यकीय शिक्षणाच्या मोफत जागांसाठी जी एकच पुस्तिका साऱ्या देशात एकाच सकाळी वाटली जाते, ती चाचणी. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर प्रश्नसमितीची सात नावं आहेत. पाचवं तुझं. आपल्या घरातला कुणी प्रश्न काढतो याचा मला अभिमान वाटायला हवा होता. निकाल लागायच्या आधी थोडा वाटलाही होता, ते जाऊ दे.

प्रश्न सत्तावीस. तुला पाठ असेलच, तरी लिहिते, म्हणजे वाचताना तुला लाज वाटेल. "वृत्तचितीच्या आकाराच्या समोवराचा आतला व्यास २० सेंमी व उंची ३० सेंमी आहे. त्याच्या धुराड्याचा व्यास ८ सेंमी आहे. समोवर काठोकाठ भरल्यास त्यातून २५० मिलिलिटरचे किती प्याले पूर्ण भरतील? पायची किंमत ३ घ्या." पर्याय चोवीस, तीस, छत्तीस, चाळीस. तुमच्या उत्तरसूचीत छत्तीस.

छत्तीस! मी ते वाचलं आणि शिक्षकांच्या खोलीत एवढ्या जोरात ओरडले की मुख्याध्यापक बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

अरे, समोवराच्या पोटातून आरपार नळी जाते! त्या नळीत निखारे असतात, म्हणून पाणी उकळतं. धुराडं त्या नळीवरच बसतं. नळीच्या जागेत पाणी नसतं, विस्तव असतो. त्रिज्या दहा, उंची तीस, नऊ हजार घनसेंटिमीटर. त्यातून नळीचे चौदाशे चाळीस वजा. उरले सात हजार पाचशे साठ. तीस प्याले, वर थेंबभर. दूध प्यायची वयं असल्यापासून आपल्याकडची पोरं त्या नळीत काटक्या टाकत आली आहेत. नळी वजा करायची नाही हे त्यांना सांगणार कोण? तुम्ही विजेच्या किटल्या वापरणारी माणसं?

माझी विद्यार्थिनी उमसुनाई. तू तिला ओळखत नाहीस, कासेइन म्हाताऱ्याची नात, सतराची आहे. आई मॉस्कोत गोदामात डबे भरते, पोर आजोबांनी वाढवली. गावात डॉक्टर नाही हे तुला माहीत आहे. आजीने दवाखान्याच्या वाटेवर, घाटात, सरपटत्या गाडीत प्राण सोडला तेव्हा ही नऊ वर्षांची होती, आजीचं डोकं हिच्या मांडीवर होतं. तेव्हापासून पोरीचा एकच हट्ट. पात्रतेला एकशे बारा गुण लागतात. हिला एकशे अकरा आहेत. सत्तावीसमध्ये तिने तीस लिहिलं.

तिने ते स्वतःच्या डोक्याने लिहिलं. त्या सकाळी आमच्या केंद्रावर मीच पर्यवेक्षक होते, मी पाहिलं आहे.

आक्षेप घ्यायची मुदत दहा जूनपर्यंत. आईने तिचं तिकीट पाठवलं आहे, वीस जूनचं, मॉस्कोचं. जागा मिळाली नाही तर पोर तिकडे जाऊन डबे भरेल आणि पुन्हा पुस्तक उघडणार नाही. तू समितीत आहेस. तोंड उघड.

दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, तुझं कुरुत, पाठवलेलं नाही. मागू नकोस.

बुरुल


तेरेक-बेल, ३१ मे

शारशेन,

तुझं पत्र मिळालं. याला पत्र म्हणायचं असेल तर. सहा वर्षांनी बहिणीला लिहिलंस आणि चार ओळी! "आदरणीय बुरुल-एजे, धुराड्याचा व्यास ही अनावश्यक माहिती होती. अशी माहिती ओळखून बाजूला ठेवणे हेही विद्यार्थ्याचे कौशल्य आहे. आक्षेप विहित नमुन्यात नोंदवावा."

एजे म्हणजे थोरली बहीण, आणि तिला विहित नमुन्यात! तुझ्या शेंबड्या नाकाला मी विहित नमुन्यात पुसायचे का रे?

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. मग मी शहाण्यासारखं एक काम केलं. आईचा समोवर काढला. घर तू विकलंस, धाकट्याचा हक्क म्हणून विकलंस, मी काही करू शकले नाही आणि जे बोलले ते तुला सहा वर्षं पुरलं. पण समोवर मी आधीच शाळेच्या खोलीत आणून ठेवला होता. आपला तो, बरणीसारखा सरळ, एका कानाचा. आतून पट्टी घातली. व्यास वीस. पाण्याची उंची तीस. नळीला पट्टी लावली तेव्हा माझा हात थांबला. आठ.

तेव्हा ही मापं तू कुठून आणलीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. नळीत हात घालून राख काढायचं काम तुझं होतं, कारण तुझा हात लहान होता. दर शनिवारी तू त्यावरून रडायचास. आणि आता म्हणतोस नळी अनावश्यक!

अकरावीचा पूर्ण वर्ग अंगणात उभा केला. कासेइन आजोबा मापाचा प्याला घेऊन बसले, दुकानातून पाव लिटरचं माप आणून त्यावर खूण केली होती. पोरं मोठ्याने मोजत होती. वीस झाल्यावर म्हातारा म्हणाला, "मास्तरीणबाई, एवढे प्याले भरून भरून ओतायचे म्हणजे पाहुण्यांना हाकलायचं ठरवलंय काय?"

"आजोबा, हे पाहुणे नाहीत. ही परीक्षा आहे."

"मग परीक्षेलाच हाकला."

पोरं हसली. उमसुनाई हसली नाही, ती मोजत होती. एकतीस प्याले भरले, बत्तिसावा अर्ध्याच्या थोडा वर येऊन नळ सुकला. एकतीस का, तर खरा पाय तीनपेक्षा जरासा मोठा असतो, तुमच्या समितीला तो जरासा परवडत नसेल. नळी नसती तर सदतीस झाले असते. सदतीस कुठे दिसले नाहीत. मी उरलेलं पाणी शोधायला खालीसुद्धा वाकून पाहिलं, नाटकच करायचं तर पूर्ण करावं म्हणून.

सगळ्या पोरांच्या सह्यांचा कागद सोबत आहे. कासेइन आजोबांनी अंगठा नाही, पूर्ण सही केली आहे, जुन्या लिपीत.

तुमच्या कौशल्याचं काय करायचं ते मी सांगते. जी माहिती खोटी नाही, जी वस्तूच्या पोटात आहे, ती बाजूला ठेवायला शिकणं याला आमच्याकडे कौशल्य म्हणत नाहीत. निर्लज्जपणा म्हणतात.

बुरुल


तेरेक-बेल, ४ जून

शारशेन,

या खेपेस तीन पानं लिहिलीस. दोनदा वाचली.

तर तू मूळ उत्तर तीसच ठरवलं होतंस. तुझ्या हस्ताक्षरातली पहिली प्रत तीस सांगते. समितीचे अध्यक्ष म्हणाले, नळीची गोष्ट शहरातल्या पोरांना माहीत नसते, त्यांच्यावर अन्याय होईल, छत्तीस करा. आणि तू मान डोलावलीस. "एजे, सात जणांपैकी सहा जण हो म्हणत होते, एका प्रश्नासाठी कोण भांडतो?" असं लिहितोस.

तू! तू भांडतोस! त्या सातांमध्ये त्या नळीत हात घातलेला एकटा तूच होतास. डोंगरातल्या पोरांवर अन्याय होईल असं म्हणायला त्या खोलीत कुणीच नव्हतं, म्हणून तर तुला तिथे बसवलं असेल ना? की चहा प्यायला बसवलं? शहरातल्या पोरांना नळी माहीत नाही तर त्यांना ती सांगा. एक ओळ लिहा, "समोवराच्या मध्यातून नळी जाते." सगळ्यांचं भलं झालं असतं. पण नाही, ज्याला माहीत आहे त्यालाच चुकवायचं आणि वर त्याला अनावश्यक म्हणायचं. आणि मूग गिळून सही करणारा कोण, तर माझ्या पाठीवर वाढलेला भाऊ. मला तुझा इतका राग आला आहे की तुझ्या बालपणीचा फोटो भिंतीवरून काढून उलटा ठेवला. उद्या परत लावीन बहुतेक, तिथला रंग उडालेला दिसतो.

तू विचारतोस की उमसुनाईच्या उत्तरपत्रिकेवर सत्तावीसला आधी छत्तीसचा गोल काळा केलेला दिसतो, मग तो खोडून तीसचा केलेला आहे. "त्या खोलीत काय झालं, एजे?" असं विचारतोस.

पोरं खोडतात. गणित करताना मन बदलतं. इतकी वर्षं परीक्षा घेऊन तुला एवढंही कळत नसेल तर मी काय सांगणार.

तू मूळ प्रत समितीपुढे ठेव. तेवढंच कर. सहा दिवस उरले आहेत. झूमाश म्हणतो घाटात दरड आली आहे, त्यामुळे उत्तर लगेच दे, त्याच्या गाडीत पुढची सवारी बसायच्या आत.

बुरुल


तेरेक-बेल, ६ जून

शारशेन,

तुझं उत्तर यायच्या आत लिहिते आहे. परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं, आणि पहिल्या पत्रातही.

चाचणीच्या सकाळी बारा पोरं होती. दीड तास झाला होता. उमसुनाईने हात वर केला. नियमाप्रमाणे पर्यवेक्षकाने फक्त कागद, पेन्सिल आणि संडास एवढ्यावरच बोलायचं. मी जवळ गेले. तिने सत्तावीसवर बोट ठेवलं. छत्तीसचा गोल काळा झालेला होता.

ती कुजबुजली, "एजे, नळी वजा करायची का? हे शहरातले कधीच करत नाहीत ना?"

पोरगी हुशार होती हे बघ. तिला उत्तरं दोन्ही येत होती. तुमच्या लोकांना कोणतं हवं आहे एवढंच तिला ठरवायचं होतं, आणि तिने बरोबर ओळखलं होतं. तिने तुम्हाला ओळखून छत्तीस लिहिलं होतं.

मी म्हणाले, "तुझ्या आजोबांच्या समोवरात काय आहे, ते लिही."

एवढंच. सात-आठ शब्द. ती खोडू लागली तेव्हा मी खिडकीकडे वळले आणि छाती अशी फुगवली, जणू मी काही मोठं केलं. इतकी वर्षं पोरांना सांगत आले, सूत्र नंतर, आधी वस्तू बघा. वाटलं, आज शिकवणं फळाला आलं.

तिचा गुण तुझ्या समितीने नाही घालवला. मी घालवला. मी मधे बोलले नसते तर तिला आज एकशे बारा असते. निकाल लागल्यापासून तुझ्यावर जो आरडाओरडा चालवला आहे, त्यातला निम्मा यासाठी की कुणाचा तरी आवाज माझ्या कानात माझ्यापेक्षा मोठा व्हावा. उरलेला निम्मा मात्र तुझाच आहे, तो मी परत घेत नाही. तुझी चूक ती चूकच.

उमसुनाईने कुणाला सांगितलेलं नाही. तिला वाटतं शिक्षिका जे सांगते ते नियमातच असतं. काल ती माझ्याकडे कपडे घेऊन आली, मॉस्कोत थंडी किती, कोट आजीचा चालेल का, विचारत होती. मी तिला म्हटलं, "अजून ठरलेलं नाही काही." ती म्हणाली, "एजे, तुम्ही इतकं भांडता माझ्यासाठी, मला लाज वाटते." मी चुलीकडे तोंड केलं.

नियम तुला माहीत आहेत. हे कळलं तर तिची उत्तरपत्रिका रद्द होते आणि मलाही शाळेतून काढतील. माझं काढू देत. पण तिची रद्द झाली तर पुढची तीन वर्षं तिला चाचणीलाच बसता येत नाही.

तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं. आता तू काय ते ठरव. मी तुला काही सांगायच्या लायकीची राहिले नाही, आणि हे लिहिताना राग येतो आहे, स्वतःचा.

बुरुल


तेरेक-बेल, १३ जून

शारशेन,

काल संध्याकाळी झूमाश आला. दोन दिवस दरडीत अडकला होता, गाडीत दोन सवाऱ्या आणि एक मेंढा. त्याने लिफाफा दिला आणि म्हणाला, "एजे, तुमच्या भावाने स्वतः गाडीत आणून दिला. डोळे लाल होते, मी काही विचारलं नाही."

तुझी मूळ प्रत तू समितीपुढे टेबलावर ठेवलीस म्हणे. अध्यक्ष म्हणाले, शारशेन, आता उशीर झाला. तू म्हणालास, "उशीर तेव्हा झाला जेव्हा मी सही केली." हे तू मला लिहायला नको होतंस. आता मला तुझ्याशी नीट भांडतासुद्धा येणार नाही.

तीसही ग्राह्य धरलं. देशभरात दोनशे चौदा पोरांना गुण मिळाला. दोनशे चौदा, शारशेन! इतक्या पोरांनी नळी वजा केली होती, त्यांच्या शेजारी तर कुणी पर्यवेक्षक कुजबुजायला गेला नव्हता. ही संख्या मी फळ्यावर लिहून ठेवली आहे, मुख्याध्यापकांना पुसू दिली नाही.

आणि लिफाफ्यात तो छापील कागद. ज्या उत्तरपत्रिकेवर त्याच प्रश्नात खाडाखोड आहे तिथे पर्यवेक्षकाचं निवेदन लागतं. "परीक्षार्थीस माझ्याकडून वा अन्य कोणाकडून कोणत्याही प्रकारची सूचना मिळाली नाही, असे मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते." खाली पर्यवेक्षकाच्या सहीची जागा रिकामी. त्याच्या खाली समितीतर्फे पडताळणी करणाऱ्याची सही. ती तू आधीच केलेली आहे.

माझं पत्र वाचून केलेली आहे. तारीख सातवी नाही, नववी आहे. म्हणजे दोन दिवस तू तो कागद घेऊन बसलास.

मीही बसले. कागद टेबलावर ठेवून मी पाचवीच्या वह्या तपासल्या, सगळ्या चुकीच्या तपासल्या, आज पुन्हा मागवल्या. मग कासेइन आजोबांकडे गेले. ते अंगणात कुऱ्हाडीचा दांडा बसवत होते. मी विचारलं, "आजोबा, एखाद्याला योग्य ते द्यायला खोटं बोलावं लागलं तर?"

म्हातारा दांडा ठोकत म्हणाला, "बाई, तुम्ही मास्तर. मला काय विचारता? मी आयुष्यात दोनदा खोटं बोललो. एकदा सैन्यात, एकदा बायकोशी."

"आणि?"

"सैन्यात पकडलं नाही. बायकोने पकडलं."

उमसुनाई दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. ती म्हणाली, "एजे, तुम्ही सही करू नका, मी जाते मॉस्कोला." म्हणजे माहीत होतं. मी तिला अशी ओरडले की कुत्रं कुंपणाबाहेर पळालं. "तू गप्प बस! तुला कुणी विचारलं? तुझं उत्तर तीस आहे, ते बरोबर आहे, ते तू दोन मिनिटांत काढलं होतंस, तुझ्या डोक्यात होतं, मी काय तुला नळी शिकवली काय?" ती रडली. मीही रडले. कासेइन आजोबा दांडा ठोकतच राहिले, त्यांना तेवढं सुचलं.

सही केली. शाळेच्या पेनाने, स्वच्छ अक्षरात. मी खोटं लिहून दिलं, मला त्याची लाज वाटते, आणि उद्या पुन्हा तोच कागद आला तर पुन्हा करीन, याचीही वाटते. पोरांना यापुढे फळ्यासमोर उभी राहून खरं-खोटं शिकवायचं आहे, ते कसं करायचं ते माझं मी बघेन. तुझ्या भित्रेपणावर चार पत्रं लिहिली मी. पाचवं लिहायला तोंड नाही, तरी लिहिते आहे, कारण गप्प बसायचं मला जमत नाही हे तुला जन्मापासून माहीत आहे.

सहा वर्षांनी आपली दोघांची नावं एका कागदावर आली, शारशेन, आणि तो कागद खोटा आहे. आईला कळलं असतं तर तिने दोघांना एकाच चिमट्याने बडवलं असतं.

कागद झूमाशकडे सोबत देते आहे. मॉस्कोचं तिकीट उमसुनाईच्या आईने परत केलं. पोर सोमवारी सकाळच्या गाडीने बिश्केकला निघते. तिने शहर कधी पाहिलेलं नाही. तिला घ्यायला स्टँडवर तू स्वतः उभा राहा, संध्याकाळी सातच्या आधी. चपराशाला पाठवलंस तर मी पुढच्या गाडीने येते, आणि मग तुझ्या बायकोसमोर बोलेन.

बुरुल-एजे